गावठी गुलाबाची ओळख

नांदुऱ्यासारख्या गावात जुन्या वाड्याच्या परसात, विहिरीच्या कडेला किंवा न्हाणीचे पाणी वाहून जाते तेथे, गुलाबाचे एखादे जुने झुडूप आढळते. 'हा कोणता गुलाब?' असे विचारल्यास 'गावठीच आहे' एवढेच उत्तर मिळते. त्या 'च'मध्ये थोडी तुच्छता असते. रोपवाटिकेतून टपोऱ्या फुलांचे कलम घरी आले, की जुन्या झुडपावर कुऱ्हाड पडते. परंतु ती पडण्यापूर्वी त्याची ओळख करून घेणे इष्ट होय.

'गुलाब' हा शब्द फार्सी आहे. 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी. म्हणजे मुळात हे नाव सुवासिक जलाचे. फुलाला ते मागाहून मिळाले. आपल्या गुलाबदाणीत तो मूळ अर्थ अजून शिल्लक आहे.

विद्यार्थिमित्रांनो, हे झुडूप पाहावयाचे ते भल्या पहाटे. ऊन चढू लागले, की पाकळ्यांतील सुगंधी तेल उडून जाऊ लागते. म्हणून अत्तरासाठी फुले सकाळीच खुडतात. सुमारे ३ ते ४ हजार किलो फुलांपासून जेमतेम १ किलो तेल मिळते! कलमी गुलाब बहुधा लांब देठावर एकेकटा, उंच टोकदार कळीतून उमलतो. गावठी गुलाबाची फुले झुबक्याने येतात. ती लहान, फिकट गुलाबी, सैलसर असतात आणि पाकळ्या पातळ असल्यामुळे गुलकंदात चटकन मुरतात.

आता कळी हातात घ्या. तिला बाहेरून झाकणारी पाच हिरवी पाती असतात. त्यांना निदले म्हणतात. युरोपात यांवर एक जुना उखाणा आहे : भाऊ पाच, दोघांना दोन्ही गालांवर दाढी, दोघांना मुळीच नाही आणि एकाला एकाच गालावर! निरखून पाहिल्यास निदलांच्या कडांवरील ही झालर तुम्हांलाही दिसेल. कारण मोठे मौजेचे आहे. कळी मिटलेली असताना दोन पाती पूर्णपणे बाहेर असतात, दोन आत दडलेली असतात आणि पाचव्याची एक कड बाहेर, तर दुसरी आत असते. जी कड उघडी राहते, तिलाच झालर फुटते.

'गावठी' या एका नावाखाली आपल्याकडे मुख्यतः दोन कुळे नांदतात. एक दमास्क गुलाब. याची पाने करडसर हिरवी, खालून मऊ लवदार. कळीचा देठ बोटाला किंचित चिकट लागतो आणि बहर बहुधा फाल्गुन-चैत्रात एकदाच येतो. दुसरा एडवर्ड गुलाब. याचा रंग अधिक गडद असतो आणि बहर ओसरल्यावरही वर्षभर थोडी थोडी फुले येत राहतात. या नावाचा इंग्लंडच्या राजाशी मात्र काही संबंध नाही. हिंदी महासागरातील बूरबाँ, म्हणजे आजच्या रीयुनियन, बेटावर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दमास्क आणि चिनी गुलाबांचा आपोआप संकर झाला. तेथील 'एदुआर' गुलाबाचे नाव आपल्याकडे 'एडवर्ड' झाले.

हे झुडूप नाहीसे झाले तर नेमके काय जाते? गुलाबाच्या बीपासून हुबेहूब तसेच झाड येत नाही. ते टिकते केवळ फांदीवरून. २००० साली जपानी संशोधकांनी चार अतिप्राचीन दमास्क वाणांची आनुवंशिक तपासणी केली, तेव्हा ते चारही वाण एकसारखेच निघाले. एकाच मूळ झाडाची फांदी शतकानुशतके या हातातून त्या हातात जात राहिली होती. ज्या दिवशी अशा एखाद्या वाणाची शेवटची फांदी वाळेल, त्या दिवशी तो सुगंध पुन्हा निर्माण करण्याचा उपाय उरणार नाही.

फांदी लावणे मुळीच अवघड नाही. पावसाळा सरल्यावर छाटणीच्या वेळी पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची पक्व काडी घ्यावी. आपल्या काळ्या जमिनीत पाणी तुंबून काडी कुजते. म्हणून मातीत रेती व शेणखत मिसळावे. काडीचे दोन-तीन डोळे मातीत जातील अशी ती खोचून कुंडी सावलीत ठेवावी आणि बेताचे पाणी द्यावे. काही आठवड्यांत कोंब दिसेल. परंतु कोंब आधी फुटतो, मुळे मागाहून येतात. तेव्हा मुळे आली की नाही हे पाहण्यासाठी काडी उपटू नये.