वटवाघळांच्या विष्ठेचे मोजमाप

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळ बारापेडे गुहा आहेत. 'रॉटनचे मुक्तपुच्छ वटवाघूळ' ही जात १९१२ मध्ये याच गुहांतून प्रथम ज्ञात झाली. पुढे जवळजवळ नऊ दशके तिचे दुसरे वसतिस्थान जगाला ठाऊक नव्हते. नंतर ती कंबोडिया व मेघालयातही आढळली. अशा दुर्मिळ जातीची वस्ती वाढते आहे की घटते, हे जाणणे निकडीचे ठरते. मात्र गुहेत प्रकाशझोत टाकून मोजणी केल्यास वटवाघळे बिथरतात, पिल्ले खाली पडतात आणि प्रसंगी वस्तीच उठून जाते. अशा वेळी गुहेच्या तळाशी पडणारी विष्ठा उपयोगी पडते.

सर्वांत सोपी पद्धत कापडाची. वटवाघळे सायंकाळी बाहेर पडल्यावर त्यांच्या वस्तीखाली ठरावीक मापाची कापडे अंथरतात. काही दिवसांनी विष्ठा गोळा करून, वाळवून तिचे वजन करतात. समजा, एक चौरस मीटरच्या कापडांवर सात दिवसांत सरासरी ७० ग्रॅम विष्ठा जमली, तर रोजचे प्रमाण १० ग्रॅम झाले. वस्तीचा विस्तार ४० चौरस मीटर असल्यास रोज सुमारे ४०० ग्रॅम विष्ठा पडते. ओलाव्यामुळे वजन फसवे ठरते, म्हणून वाळवणे आवश्यक असते.

जुन्या ढिगाऱ्यासाठी तळावर चौकटी आखून ठिकठिकाणी सळईने खोली मोजतात. सरासरी खोलीला क्षेत्रफळाने गुणले की घनफळ मिळते. ठरावीक घनफळाचा नमुना वाळवून तोलला की एकूण वजनाचा अंदाज बांधता येतो.

या आकड्यांवरून वटवाघळांची नेमकी संख्या मात्र काढता येत नाही. ऋतू व उपलब्ध कीटकांनुसार विष्ठेचे प्रमाण बदलते. काही भाग भुंगेरे व बुरशी फस्त करतात, काही पाण्याबरोबर वाहून जातो. त्याच जागी, त्याच ऋतूत, दरवर्षी घेतलेल्या मापांची तुलनाच खरी बोलकी असते.

ढिगाऱ्याचे थर म्हणजे निसर्गाची दप्तरेच. जमैकातील एका गुहेतल्या विष्ठेच्या थरांतून सुमारे ४,३०० वर्षांतील हवामानाचा व वटवाघळांच्या आहाराचा मागोवा घेण्यात आला. खतासाठी ढीग खरवडून नेल्यास ही नोंद कायमची पुसली जाते.

विष्ठेच्या धुळीतील बुरशीमुळे फुप्फुसाचा 'हिस्टोप्लाझ्मोसिस' हा विकार जडू शकतो. त्यामुळे योग्य मुखपट्टीशिवाय व वनखात्याच्या परवानगीशिवाय अशा गुहांत शिरू नये.