करप्याच्या बुरशीचा दिवा

भाताच्या पानावर करप्याचा ठिपका दिसला की आपण फवारणीचा पंप बाहेर काढतो. दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये राखाडी, कडेला तपकिरी. हा ठिपका ओळखायला कुणाला शिकवावं लागत नाही. पण ठिपका दिसतो तेव्हा बुरशी आत शिरून चार-पाच दिवस उलटलेले असतात. हे आता प्रयोगशाळेत डोळ्यांनी पाहता येतं.

समुद्रातल्या एका जेलीफिशच्या अंगात हिरवं चमकणारं प्रथिन असतं. ओसामू शिमोमुरा यांनी ते १९६२ साली वेगळं केलं. १९९४ साली मार्टिन चाल्फी यांनी त्याचं जनुक दुसऱ्या जीवांत घालून ते चमकवून दाखवले. या कामाला २००८ चं नोबेल मिळालं, रॉजर त्सिएन हे तिसरे मानकरी.

याचा करप्याशी काय संबंध? विहिरीतली मोटार वरून दिसत नाही, पण स्टार्टरवरचा दिवा लागला की ती चालू झाल्याचं कळतं. बुरशीतही रोग पसरवणारी जनुकं असतात, पण ती कायम चालू नसतात. अशा जनुकाच्या बटणाला हे चमकणारं प्रथिन जोडायचं. जनुक चालू झालं की सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी उजळते.

करप्याच्या बुरशीचं ‘पीडब्ल्यूएल-२’ हे असंच एक जनुक. काचेच्या बशीत वाढणाऱ्या बुरशीत ते बंद असतं, भाताच्या पेशीत शिरताना चालू होतं. अमेरिकेतल्या कान्सास स्टेट विद्यापीठात बार्बरा व्हॅलेंट यांच्या गटाने या जनुकापासून होणाऱ्या प्रथिनालाच लाल चमक जोडली. २०१० साली त्यांनी दाखवलं, की बुरशी अजून पहिल्याच पेशीत असते आणि तिचं हे प्रथिन शेजारच्या निरोगी पेशींत जाऊन पोचलेलं असतं. चोराने स्वतः येण्याआधी पुढच्या घराची कडी काढून ठेवावी, तसंच की हे!

हा दिवा आपल्या खाचरात लागणार नाही बरं का. चमकणारी बुरशी बंद प्रयोगशाळेतच ठेवतात. आपल्या कामाची आहे ती वेळ. दवाच्या ओलीत बीजाणू पानाला चिकटतो आणि दिवसभरात घुमटासारखा फुगवटा तयार करतो. त्यातला दाब मोटारीच्या टायरच्या सुमारे चाळीस पट असतो, त्या जोरावर तो पान भोकसतो. ट्रायसायक्लाझोलसारखं औषध या घुमटाचा काळा थर होऊ देत नाही, म्हणून दाब टिकत नाही. पण बुरशी एकदा आत गेली की त्या औषधाला रोखायला फारसं काही उरत नाही.

तेव्हा ठिपक्यापेक्षा आभाळाकडे बघा. ढगाळ हवा, रिमझिम, गार रात्री आणि उशिरापर्यंत न सुकणारं दव असेल, तर शिफारशीतलं औषध लेबलावरच्या मात्रेने आधीच मारा. अशा दिवसांत युरिया एकदम ओतू नका, हप्त्याने द्या. मानमोडीचा त्रास नेहमीचा असेल, तर लोंब्या बाहेर पडायच्या सुमारास खाचराकडे दोन फेऱ्या जास्त मारा.