अल्गार्व

अल्गार्व : पोर्तुगालच्या दक्षिण टोकाचा किनारी प्रदेश. क्षेत्रफळ सु. ५,००० चौ. किमी.; लोकसंख्या सु. ४·६७ लक्ष (२०२१). पूर्वेस ग्वाद्याना नदीपलीकडे स्पेन, उत्तरेस आलेंतेझू प्रदेश, पश्चिमेस व दक्षिणेस अटलांटिक महासागर. मुख्य ठिकाण फारू. मोंशीक डोंगरांतील फोया (९०२ मी.) हे सर्वोच्च शिखर होय.

‘अल् घर्ब’ (पश्चिम) ह्या अरबी शब्दावरून प्रदेशाचे नाव आले. आठव्या शतकापासून सु. पाचशे वर्षे येथे मुसलमानांची सत्ता होती व सिल्व्हिश ही त्यांची वैभवशाली नगरी होती. तिसऱ्या आफोंसूने १२४९ मध्ये फारू जिंकले. नक्षीदार जाळीची धुराडी आणि ओल्याँव येथील सपाट गच्च्यांची पांढरी घरे पाहताना त्या काळाचे स्मरण होते; मात्र आजची बहुतेक धुराडी बरीच नंतरची आहेत. उत्तरेकडील राजकन्येला बर्फाची आठवण येऊ नये म्हणून मूर राजाने बदामाची झाडे लावली, अशी दंतकथा आहे. हा बहर जानेवारी-फेब्रुवारीत येतो.

नाविक हेन्रीचे निधन १४६० मध्ये साग्रिश येथे झाले. तेथे त्याची नौकानयनशाळा होती, ही समजूत लोकप्रिय असली, तरी तिला समकालीन आधार नाही. लागुश बंदराचा इतिहास अधिक ठोस आणि अधिक कटू आहे. झील इयानिश ह्या येथील खलाशाने १४३४ मध्ये बोजादोर भूशिर ओलांडले. पुढे १४४४ मध्ये २३५ आफ्रिकी बंदिवान येथे उतरवून वाटून घेण्यात आले. घोड्यावर बसलेल्या हेन्रीला त्यांतील पाचवा हिस्सा मिळाल्याचे बखरकार झुरारा नोंदवितो. मोटारतळासाठी २००९ मध्ये खोदकाम करताना जुन्या तटाबाहेरील उकिरड्यात दीडशेहून अधिक आफ्रिकी लोकांचे सांगाडे आढळले. पिवळसर चुनखडी कडे पाहण्यास येणाऱ्या प्रवाशांपैकी थोडेच जण गावातील गुलामगिरीच्या संग्रहालयाकडे वळतात.

लोले येथील ‘माय सुबेराना’ उत्सव विशेष प्रसिद्ध आहे. टेकडीवरील देवळातील मेरीची मूर्ती ईस्टरच्या दिवशी गावात आणतात. दोन आठवड्यांनी आठ जण ती जड पालखी खांद्यावर घेऊन, वाद्यांच्या गजरात उभ्या चढावर जवळजवळ धावतच परत नेतात. ‘कोरीदीन्यू’ हे द्रुत लयीचे जोडीनृत्य व ‘काताप्लाना’ ह्या झाकणाच्या तांब्याच्या भांड्यात शिजविलेले शिंपले हीही येथील वैशिष्ट्ये होत.

फारूचा विमानतळ १९६५ मध्ये सुरू झाल्यावर किनारा झपाट्याने बदलला. कुप्याची (ट्यूना) परंपरागत जाळेबंद मासेमारी सु. १९७० नंतर संपली. ताव्हीराजवळील कुपा पकडणाऱ्यांच्या वसाहतीत आता हॉटेल आहे; पोर्तिमाँव येथील मासे डबाबंद करण्याच्या एका कारखान्यात २००८ पासून संग्रहालय आहे. रिआ फोर्मोझा ही सु. ६० किमी. लांबीची खाजणांची पट्टी १९८७ मध्ये निसर्गोद्यान म्हणून घोषित झाल्याने बांधकामापासून बरीच वाचली. तेथील व काश्त्रू मारीं येथील मिठागरांत अजूनही हाताने मीठ काढतात. पाण्याचा प्रश्न मात्र बिकट होत आहे. दीर्घ अवर्षणामुळे २०२४ च्या आरंभी शेतीच्या पाण्यात २५ टक्के, तर शहरी पाण्यात १५ टक्के कपात ठरविण्यात आली. पुढे पावसानंतर ती शिथिल झाली. बदाम, अंजीर व कॅरोब ही पावसावर वाढणारी जुनी झाडे असलेली अंतर्भागातील अनेक शेते मात्र आज पडीक आहेत.