आपल्या वस्तीचे आकडे कुठे शोधावेत?

"आपल्या भागात मराठी मुलेच उरली नाहीत, मग वर्ग चालवायचा कोणासाठी?" मंडळींच्या सभांतून हे वाक्य आजकाल वारंवार ऐकू येते. लगेच दुसरे कोणी उठून सांगते की नव्या मोर्सेलमाँत तर सगळी आपलीच घरे आहेत! दोघांपैकी कोणीही घरे मोजलेली नसतात. संध्याकाळचा मराठी वर्ग ठेवायचा, की शेजारच्या बैठकेशी जोडायचा, हा निर्णय मात्र अशाच बोलण्यावर होऊन जातो. एकदा बंद पडलेला वर्ग पुन्हा उघडणे किती कठीण असते, हे आम्हां शिक्षकांना विचारावे.

वास्तविक मोजणीच्या बाबतीत आपले बेट मागे नाही. १८४६ आणि १८५१ साली येथे जनगणना झाली आणि पुढे १९३१ पर्यंत दर दहा वर्षांनी ती होत राहिली. महायुद्धामुळे १९४१ ची गणना १९४४ मध्ये गेली. त्यानंतर १९५२, १९६२, १९७२, १९८३, १९९०, २००० आणि २०११ साली गणना झाल्या. २०२१ ची गणना महामारीमुळे २०२२ मध्ये झाली. हे सारे काम आता स्टॅटिस्टिक्स मॉरिशस हे सरकारी कार्यालय करते. जुनी माणसे त्याला अजून सी.एस.ओ.च म्हणतात. त्याचे अहवाल इंग्रजीत असून कार्यालयाच्या संकेतस्थळावर ते फुकट पाहता येतात. ज्यांना जमत नसेल त्यांनी कॉलेजात जाणाऱ्या नातवाला शेजारी बसवावे. तेवढेच आजोबांशी दोन शब्द बोलणे होईल.

आता खरी अडचण सांगतो. आपण ज्याला 'आपली वस्ती' म्हणतो ती वस्ती अहवालात त्या नावाने नसते. देशाचे नऊ जिल्हे आहेत. जिल्ह्याचा आकडा शोधायला वेळ लागत नाही, पण तो आपल्या उपयोगाचा नाही. प्लेन विलेम्स जिल्ह्यात बो बासें-रोझ हिल, कात्र बोर्न, वाकवा-फिनिक्स आणि क्युरपीप अशी चार शहरे बसतात आणि २०११ मध्ये त्याची लोकसंख्या साडेतीन लाखांहून अधिक होती. एकट्या वाकवा-फिनिक्सचीच एक लाखाच्या वर होती. एवढ्या मोठ्या आकड्यातून एका बैठकेला काय कळणार? म्हणून तक्त्यात खाली उतरत जावे: शहरात नगरपालिकेचा प्रभाग आणि गावात ग्रामपरिषदेचे क्षेत्र. मग नकाशा घेऊन आपली गल्ली कोणत्या प्रभागात पडते ते पाहावे.

येथे पुष्कळांची फसगत होते, कारण निवडणुकीचा मतदारसंघ आणि नगरपालिकेची हद्द एक नाही. सोळा क्रमांकाच्या मतदारसंघाचे नाव वाकवा-फ्लोरेआल आहे. पण फ्लोरेआल क्युरपीपच्या नगरपालिकेत मोडते. मतदारयादीतली नावे मोजून त्यांची तुलना प्रभागाच्या तक्त्याशी केली तर दोन वेगळ्या भूभागांची बेरीज-वजाबाकी होईल. तसेच २००० आणि २०११ चे आकडे शेजारी ठेवण्याआधी मधल्या काळात प्रभागाची सीमा हलली नाही ना, याची खात्री करून घ्यावी.

दुसरा प्रश्न 'मराठी कोण' हा, आणि तो नाजूक आहे. जमात विचारणारी शेवटची गणना १९७२ ची. त्या गणनेतही हिंदू, मुसलमान, चिनी आणि सर्वसाधारण एवढेच चार गट असल्यामुळे आपण हिंदूंतच मिसळलेले. त्यानंतर जमातीचा प्रश्न गेला. धर्म, पूर्वजांची भाषा आणि घरात बोलली जाणारी भाषा हे प्रश्न विचारले गेले. आपल्या लोकांचा अंदाज लागतो तो मुख्यतः पूर्वजांच्या भाषेवरून. धर्माच्या तक्त्यातही हिंदूंच्या पोटात 'मराठी' असे नाव आढळते. घरच्या भाषेच्या रकान्यात आपल्याला शोधू नये, कारण तेथे क्रेओलचेच राज्य आहे: २०११ मध्ये शंभरांत सुमारे शह्याऐंशी. भोजपुरीसारखी मोठी भाषादेखील २००० मध्ये बारा टक्क्यांवर होती, ती २०११ मध्ये पाचांच्या घरात आली. आम्हांला वाटते, हे तीन तक्ते एकमेकांत कालवून 'आपण इतके आहोत' असे भाषण ठोकणाऱ्यांनी थोडे सबुरीने घ्यावे.

वर्गासाठी सर्वांत उपयोगी तक्ता वयाचा. त्यात पाच-पाच वर्षांचे गट असतात. समजा, एका प्रभागात २०२२ मध्ये शून्य ते चार वयाची ८०० मुले होती. पाचाने भागले की एका वर्षाची सुमारे १६० मुले येतात, म्हणजे पहिल्या इयत्तेत साधारण तेवढीच दरवर्षी शिरतील. त्यांत मराठी घरची किती, हे त्या तक्त्यातून निघणार नाही. ते काम बैठकेनेच वही घेऊन, दारोदार जाऊन करायचे. आणि आपली मुले कमी दिसली, तर सर्वांचीच कमी झाली आहेत हे ध्यानात ठेवावे. २००० साली देशात सुमारे वीस हजार बालके जन्मली. २०२० मध्ये चौदा हजारसुद्धा भरली नाहीत. वर्गातील पट घसरला तो मराठीची आवड गेली म्हणूनच घसरला, असे म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे आधी पाहावेत.

ज्यांना वस्तीची आर्थिक स्थिती पाहायची असेल त्यांच्यासाठी सापेक्ष विकास निर्देशांक आहे. घरे, शिक्षण, रोजगार यांची माहिती एकत्र करून २००० आणि २०११ च्या गणनांवरून प्रत्येक प्रभागाला व ग्रामक्षेत्राला गुण दिलेले आहेत. रस्ता, दिवे किंवा खेळाचे मैदान मागणाऱ्या अर्जाला असा कागद जोडला, तर अर्जाला वजन येते.

छापील तक्त्यात हवे ते नसेल तर कार्यालयाला लेखी विनंती करता येते. कोणते वर्ष, कोणता प्रभाग, कोणता वयोगट, हे नेमके लिहावे; 'मराठी लोकांची सर्व माहिती द्या' असे मोघम लिहू नये. एका घराची माहिती मात्र कोणालाच मिळत नाही, कारण कायद्याने ती गुप्त आहे. पुढच्या गणनेला मोजणीदार दारात येईल तेव्हा पूर्वजांच्या भाषेच्या प्रश्नाला घरातल्या कोणी काय उत्तर द्यायचे, हे आजी-आजोबांना विचारून आधीच ठरवून ठेवावे.