सर्व्हरमध्ये प्रोसेसर आहे, पण वापरायचा हक्क नाही! बँका ‘गरजेपुरती’ ताकद कशी विकत घेतात?

लाँग वीकेंडला शनिवारी सकाळी बोरघाटात काय होतं, हे लोणावळेकरांना वेगळं सांगायला नको. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेच्या पुण्याकडे येणाऱ्या तिन्ही लेन तुंबतात, तर पलीकडच्या मुंबईकडे जाणाऱ्या लेन बऱ्यापैकी मोकळ्या असतात. मग महामार्ग पोलीस कधी कधी मुंबईकडची वाहतूक थोडा वेळ रोखतात आणि त्या लेनमधून पुण्याची वाहनं सोडतात. नवा रस्ता कोणी बांधलेला नसतो, आहे तोच गरज असलेल्या बाजूला उसना दिलेला असतो.

घाट चढून आलेला प्रवासी चिक्कीच्या दुकानात क्यूआर कोड स्कॅन करतो, तेव्हा त्याच्या बँकेच्या सर्व्हरमध्येही असंच काहीतरी चालू असू शकतं. पगाराची तारीख, सणाची खरेदी, ३१ मार्च... बँकेवरचा भार रोज सारखा नसतो. मग चार दिवसांच्या गर्दीसाठी वर्षभर महागडे प्रोसेसर विकत घेऊन ठेवायचे का?

एक यंत्र, अनेक बिऱ्हाडं

आयबीएम पॉवर किंवा एचपीचा जुना सुपरडोम हे सर्व्हर म्हणजे एकच मोठं यंत्र, पण आत पार्टिशन घालून केलेली वेगवेगळी बिऱ्हाडं. एका पार्टिशनमध्ये खात्यांचा डेटाबेस, दुसऱ्यात रिपोर्ट, तिसऱ्यात टेस्टिंग. प्रत्येकाची ऑपरेटिंग सिस्टीम वेगळी, त्यामुळे एकाची सिस्टीम कोसळली तरी शेजारी चालू राहतो.

आयबीएमने २००४ मध्ये पॉवर५ आणला, तेव्हा एका प्रोसेसरचा दहावा हिस्साही पार्टिशनला देता येऊ लागला. आता विसावा हिस्साही देता येतो. पार्टिशन दोन प्रकारे ठेवता येतं. ‘कॅप्ड’ म्हणजे ठरलेल्या हिश्शाच्या वर काही नाही. ‘अनकॅप्ड’ म्हणजे शेजाऱ्याचा प्रोसेसर रिकामा असेल तर तो उसना घ्यायची मुभा. एकाच वेळी अनेकांनी मागितला तर कोणाला जास्त द्यायचा, हे ० ते २५५ मधल्या ‘वेट’ या आकड्यावर ठरतं.

सगळंच यंत्र दमलं तर?

मग उसनं द्यायला कोणीच उरत नाही. इथे येते ‘कपॅसिटी ऑन डिमांड’. कंपनी सर्व्हर पाठवतानाच त्यात जास्तीचे प्रोसेसर बसवून पाठवते, फक्त ते कुलूपबंद असतात. ग्राहक पैसे भरतो, कंपनी एक कोड देते, तो कोड टाकला की प्रोसेसर जागा होतो. इंजिनिअर यायला नको, मशीन बंद करायला नको. हा कोड त्या सर्व्हरच्या सिरियल नंबरशी बांधलेला असतो, म्हणजे मित्राच्या कंपनीचा कोड आपल्याकडे चालत नाही.

एचपीने आपल्या ‘इन्स्टंट कपॅसिटी’ योजनेत यासाठी नेमका शब्द वापरला होता: वापरहक्क. प्रोसेसर तुमच्या खोलीत आहे, पण तो चालवायचा हक्क वेगळा विकत घ्यायचा. हे हक्क एका पार्टिशनमधून दुसऱ्यात हलवता यायचे, गटातल्या दुसऱ्या सर्व्हरवरही नेता यायचे. त्यामुळे एक सर्व्हर बंद पडला तर त्याचे हक्क घेऊन दुसऱ्यावर काम चालवायची सोय होती.

तात्पुरती ताकद हवी असेल तर आयबीएमकडे हिशोब ‘प्रोसेसर-दिवसां’त होतो: दोन प्रोसेसर पाच दिवस म्हणजे दहा. फसगत होते ती इथे. मुदत संपली तरी चालू पार्टिशनने धरून ठेवलेला प्रोसेसर यंत्र आपोआप हिसकावून घेत नाही. ॲडमिनने तो पार्टिशनमधून काढून परत करायचा असतो. विसरला, तर परत न केलेल्या दिवसांचंही बिल लागतं. २०१९ मध्ये आलेल्या ‘पॉवर एंटरप्राइझ पूल्स २.०’ मध्ये हे मीटर मिनिटांवर आलं.

टोल गाड्यांवर की लेनवर?

हार्डवेअरचं बिल निदान डोळ्यांसमोर असतं. मोठा धक्का बसतो तो सॉफ्टवेअरचा. प्रोसेसर चालू करायचा हक्क मिळाला म्हणजे त्यावर डेटाबेस चालवायचा परवाना मिळाला असं नाही!

समजा, सर्व्हरमध्ये १६ कोअर चालू आहेत आणि ओरॅकल डेटाबेसच्या पार्टिशनला २ कोअर दिलेत. पार्टिशन कॅप्ड असेल, तर ओरॅकलच्या पार्टिशनिंग धोरणानुसार परवाना २ कोअरचा. तेच अनकॅप्ड ठेवलं, तर धोरण ती मर्यादा धरत नाही आणि प्रश्न सगळ्या १६ कोअरचा होतो. उर्से टोलनाक्यावर गाडी एकच, पण ‘तुम्ही कोणत्याही लेनमध्ये जाऊ शकला असतात’ म्हणून सगळ्या लेनचा टोल मागावा, तसं. गंमत म्हणजे हे धोरण आपण कराराचा भाग नसल्याचं स्वतःच सांगतं. वाद होतात ते त्यामुळेच.

वेग वाढावा म्हणून ॲडमिनने एक सेटिंग बदलावं आणि खरेदी विभागाला ते ऑडिटच्या दिवशी कळावं, हा धोका म्हणूनच खरा आहे.

आयबीएमच्या स्वतःच्या अनेक सॉफ्टवेअरसाठी पार्टिशनपुरता परवाना चालतो, पण अट आहे. साधारणपणे ९० दिवसांत कंपनीचं मोजणी करणारं टूल बसवायचं, निदान दर तिमाहीला रिपोर्ट काढायचा आणि तो दोन वर्षं जपून ठेवायचा. रिपोर्ट नसेल, तर परवान्याचे पैसे पूर्ण यंत्राच्या हिशोबाने मागितले जाऊ शकतात.