पेढीवरील संगणक : कोणती वस्तू नेमके काय काम करते?

व्यापारात लिखापढीचे महत्त्व काय, हे मुसलमान व्यापाऱ्याला बाहेरून कोणी येऊन सांगण्याची गरज नाही. कुरआन शरीफमधील सर्वांत लांब आयत, म्हणजे सूरह बकरहची २८२ वी आयत, उधारीचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवण्याविषयी आहे. रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत, अशी तिची शिकवण आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिज्मी यांनी बीजगणितावर जो ग्रंथ लिहिला त्यात वारसा-वाटणीचे आणि व्यापाराचे हिशेब आहेत. संगणकाच्या दुनियेत रोज वापरला जाणारा ‘अल्गोरिदम’ हा शब्द याच बुजुर्गांच्या नावावरून आला आहे. तेव्हा संगणक ही आपल्यासाठी परकी चीज आहे, असे मानण्याचे काहीच कारण नाही.

तरीही मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या बाजारात आम्हांला एक गोष्ट नेहमी दिसते. मागाचा कोणता भाग कशासाठी आहे हे आम्ही डोळे मिटून सांगतो, पण गल्ल्याशेजारी हिरवे दिवे लुकलुकणारी डबी कशासाठी आहे, असे विचारले तर उत्तर मिळते, “ते ऑपरेटर पाहतो.” ऑपरेटर गावी गेला की बिल थांबते, माल थांबतो, ट्रान्सपोर्टवाला परत जातो. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आल्यापासून तर पेढीचा प्रत्येक कागद सरकारच्या संगणकाशी जोडला गेला आहे. आता हे अज्ञान फुकट राहिलेले नाही. म्हणून कोणती वस्तू काय काम करते, हे आम्ही येथे व्यापाऱ्याच्या भाषेत मांडत आहोत.

तारांचे जाळे

दोन किंवा अधिक संगणक एकमेकांना जोडले की त्याला नेटवर्क, म्हणजे जाळे म्हणतात. या जाळ्यात दोन डब्या महत्त्वाच्या. पहिली स्विच. तिच्यात दुकानातले संगणक, प्रिंटर यांच्या तारा येऊन मिळतात आणि आतल्या आत देवाणघेवाण होते. दुसरी राऊटर. ती आतले जाळे बाहेरच्या इंटरनेटशी जोडते. लहान दुकानात बहुधा एकाच डबीत दोन्ही कामे असतात, त्यामुळे लोकांना फरक कळत नाही. फरक असा की इंटरनेट बंद पडले तरी स्विचवरचे काम चालू राहते. हिशेबाचे सॉफ्टवेअर आपल्याच संगणकावर असेल तर इंटरनेट गेले म्हणून हात बांधून बसण्याची गरज नाही.

जाळ्यातील प्रत्येक यंत्राला एक नंबर असतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. मार्केटमधील गाळा नंबर समजा. माहिती या पत्त्यावर कशी पोहोचते? आपण शंभर गाठी एकाच ट्रकमध्ये मावत नसतील तर वेगवेगळ्या ट्रकमध्ये भरतो, पण प्रत्येक गाठीवर मार्का आणि नंबर टाकतो. घेणारा नंबराप्रमाणे लावून घेतो आणि ४७ नंबरची गाठ आली नसेल तर ती पुन्हा मागवतो. संगणकही माहितीचे लहान तुकडे करतो, प्रत्येकावर पत्ता आणि नंबर टाकतो, हरवलेला तुकडा पुन्हा मागवतो. या पद्धतीला टीसीपी-आयपी म्हणतात. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्याने ती स्वीकारली आणि आजचे सारे इंटरनेट तिच्यावरच चालते.

तांब्याची नेटवर्क तार एका टप्प्यात १०० मीटरपर्यंतच भरवशाची असते. दुकान एका गल्लीत आणि कारखाना लांब दुसऱ्या गल्लीत असेल तर फायबर तार किंवा इंटरनेटमार्फत जोडणी करावी लागते. वायफाय सोयीचे खरे, पण जाड भिंती त्याला अडवतात. वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी २.४ गिगाहर्ट्‌झची लांब पोहोचते आणि ५ गिगाहर्ट्‌झची वेगवान असली तरी भिंतीपुढे लवकर थकते. मोबाइलला वायफाय ठीक. बिल काढणाऱ्या संगणकाला मात्र तारच द्यावी, असा आमचा सल्ला आहे.

सर्व्हर, क्लाउड आणि व्हीपीएन

ज्या संगणकावर मूळ हिशेब ठेवलेला असतो तो सर्व्हर. बाकीचे त्याच्याकडे विचारणा करतात. जुन्या पेढीत मूळ खतावणी मुनीमजींच्या पेटीत असायची आणि बाकीचे त्यांना विचारायचे, तसाच हा प्रकार. क्लाउड म्हणजे हीच पेटी दुसऱ्याच्या इमारतीत ठेवणे. भाडे भरायचे आणि इंटरनेटवरून पाहायचे. फायदा असा की खरेदीला सुरतेला गेलेला माणूस तिथूनच शिल्लक पाहू शकतो आणि दुकानाला आग लागली, पाणी शिरले तरी हिशेब वाचतो. तोटा असा की इंटरनेट नसेल तर काम ठप्प. क्लाउड घेण्यापूर्वी एक प्रश्न जरूर विचारावा : उद्या भाडे बंद केले तर आमचा सगळा हिशेब आम्हांला कोणत्या स्वरूपात परत मिळेल? समोरच्याने स्पष्ट उत्तर दिले नाही तर पुढे जाऊ नये.

व्हीपीएन हा घरून किंवा दुसऱ्या शाखेतून दुकानाच्या जाळ्यात येण्याचा बंद बोगदा आहे. त्यातून जाणारी माहिती वाटेत कोणाला वाचता येत नाही. राऊटर सताड उघडा ठेवून बाहेरून काम करण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी सुरक्षित आहे.

हिशेबाचे सॉफ्टवेअर

हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये टॅलीचे नाव सर्वांच्या तोंडी आहे. तिची कहाणी कापडवाल्यांनी ऐकण्यासारखी आहे. श्यामसुंदर गोयनका यांचा कापड गिरण्या व इतर कारखान्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे भाग पुरवण्याचा धंदा होता. मनासारखे हिशेबाचे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी आपला मुलगा भरत याला ते बनवण्यास सांगितले आणि १९८६ मध्ये कंपनी उभी राहिली. म्हणजे ही चीज एका व्यापाऱ्याच्या गरजेतूनच जन्मली. आज बाजारात बिझी, मार्ग अशी इतर सॉफ्टवेअरही आहेत.

नाव कोणतेही असो, आतला नियम जुनाच आहे. प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहायचा, एकाला नावे आणि दुसऱ्याला जमा. सॉफ्टवेअर एवढेच करते की आपण एकदा नोंद केली की ती रोजमेळ, खतावणी, साठा आणि कर या सर्व ठिकाणी स्वतःच पोहोचवते. याचा अर्थ असाही की पहिली नोंद खोटी असेल तर तीही सर्वत्र पोहोचते. संगणक बेरीज चुकत नाही, पण नियत तपासत नाही.

खरेदी, साठा, मजुरी, विक्री आणि हिशेब या सर्वांना एका धाग्यात ओवणाऱ्या मोठ्या सॉफ्टवेअरला ईआरपी म्हणतात. दहा-बारा मागांच्या कारखान्याला त्याची गरज नाही. तेथे साधे सॉफ्टवेअर नीट वापरले तरी पुरे.

सूत, मजुरी आणि कारागिराचा हक्क

आपल्या धंद्यात खरा झगडा मजुरीच्या कामात होतो. समजा विणकराला ५०० किलो सूत दिले. ४६० किलो कापड आले, १५ किलो वाया गेले, तर २५ किलो सूत त्याच्याकडे शिल्लक असायला हवे. सहा महिन्यांनी या २५ किलोंवरून वाद होतो, कारण चलने एका खिळ्याला आणि हिशेब डोक्यात. मजुरी कामाची सोय असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक विणकराच्या नावावर दिलेला माल, आलेला माल आणि शिल्लक वेगळी दिसते. महिन्याला एकदा तो कागद छापून दोघांनी सही केली तर भाऊबंदकी तुटण्याची वेळ येत नाही.

दुसरी उपयोगाची गोष्ट म्हणजे थकबाकीचा मुदतवार तक्ता. कोणाचे किती पैसे किती दिवसांपासून अडकले, ते एका बोटावर दिसते. हा तक्ता बहुतेक जण येणे वसूल करण्यासाठी पाहतात. आम्ही म्हणतो, देण्याच्या बाजूनेही तो पाहावा. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उद्यम नोंदणी केलेल्या विणकराला, रंगारीला, जरीकाम करणाऱ्याला हा हक्क मिळतो. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला मिळत नाही. उशीर झाल्यास कायदा व्याजही सांगतो. ते घ्यावे की नाही हा दीनाचा सवाल आहे, पण मुदतीत मूळ रक्कम मागणे हा तर सरळ हक्क आहे. मजुराचा घाम सुकण्याआधी मोबदला देण्याची ताकीद ज्या उम्मतला आहे, तिने हा तक्ता कायद्याच्या भीतीने पाहावा, ही शोभणारी गोष्ट नाही.

सरकारी पोर्टलशी जोड

दोन सॉफ्टवेअर एकमेकांशी बोलण्यासाठी जी खिडकी ठेवतात तिला एपीआय म्हणतात. आपले बिल या खिडकीतून सरकारी पोर्टलवर जाते. ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना दुसऱ्या व्यापाऱ्याला दिलेल्या बिलासाठी ई-इनव्हॉइस लागते. पोर्टल त्या बिलाला एक नंबर आणि क्यूआर कोड देते. मालासोबत लागणाऱ्या ई-वे बिलासाठी राज्याबाहेर ५० हजार रुपयांची आणि महाराष्ट्रात एक लाखाची मर्यादा ठेवलेली आहे.

लहान व्यापाऱ्याने एक बाब मात्र पक्की ध्यानात ठेवावी. १ जानेवारी २०२२ पासून खरेदीदाराला कराची वजावट तेव्हाच मिळते, जेव्हा विकणाऱ्याने ते बिल आपल्या विवरणात चढवलेले असते. खरेदीदार आपल्या २-बी तक्त्यात पाहतो, बिल दिसत नाही आणि पुढच्या वेळी ऑर्डर दुसऱ्याकडे जाते. मालात खोट नसताना केवळ बिल वेळेवर न चढवल्याने गिऱ्हाईक तुटते. काही बांधव याला पक्षपात समजतात. प्रत्येक वेळी तो पक्षपात नसतो. आधी आपले विवरण पाहावे.

पैसे घेण्याची साधने

२०१६ मध्ये यूपीआय आले आणि हातगाडीवरही क्यूआर कोड लागला. येथे एकच नियम घरातल्या सर्वांना सांगून ठेवावा : पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही, पिन फक्त देण्यासाठी लागतो. “पैसे पाठवतो, पिन टाका” म्हणणारा लुबाडणाराच असतो. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरील चित्र ही पावती नव्हे. आपल्या बँकेत रक्कम जमा झाली की नाही, तेच पाहावे. आणि आठवड्यातून एकदा बँकेचा उतारा आपल्या हिशेबाशी ताडून पाहावा.

अमानत कोणाच्या हाती?

हिशेबात फक्त आपला पैसा नसतो. त्यात विणकराची मजुरी असते, भागीदाराचा हिस्सा असतो, उद्या वारसांमध्ये वाटला जाणारा माल असतो. ती अमानत आहे. तिजोरीची किल्ली आपण नोकराकडे सोडत नाही, मग मुख्य पासवर्ड का सोडतो? मालकाचा पासवर्ड मालकाकडे असावा, प्रत्येक माणसाचे प्रवेशाचे नाव वेगळे असावे आणि कोणी कोणती नोंद कधी बदलली याची सॉफ्टवेअरमधील नोंदवही चालू ठेवावी. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना ती सक्तीची आहे. आपण स्वखुशीने ठेवावी.

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने दीडशेच्या आसपास देशांतील संगणकांना कुलूप लावून खंडणी मागितली. कोणी काही उघडण्याचीही गरज नव्हती. जाळ्यातील एका यंत्रातून तो दुसऱ्यात आपोआप शिरत होता. त्यावरचा इलाज मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो लावला नाही ते सापडले. चोरीच्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या संगणकाला असे इलाज वेळेवर मिळण्याचा भरवसा नसतो. हलाल कमाईचा हिशेब चोरीच्या वस्तूवर ठेवणे हा प्रश्न तर वेगळाच.

बचावाचा उपाय सोपा आहे. हिशेबाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुकानाबाहेर. पेनड्राइव्ह कायम संगणकात खोचून ठेवला तर व्हायरस त्यालाही खातो. जुम्याच्या दिवशी दुकान बंद ठेवण्यापूर्वी प्रत काढून घरी नेण्याची सवय लावावी आणि महिन्यातून एकदा ती उघडते का, तेही पाहावे.

जकातीचा हिशेब

शेवटी एक असा फायदा, जो कोणताही विक्रेता सांगत नाही. सॉफ्टवेअरचे वर्ष एप्रिल ते मार्च असते, जकातीचे वर्ष चांद्र असते. चांद्र वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान आहे. दरवर्षी ३१ मार्चच्या ताळेबंदावर अडीच टक्के काढत राहिले तर साधारण ३३ वर्षांत एका पूर्ण वर्षाची जकात द्यायची राहून जाते. वहीच्या काळात मध्येच साठा मोजणे कठीण होते, हे आम्ही मान्य करतो. आज ती अडचण उरलेली नाही. रमजानची किंवा आपण ठरवलेली हिजरी तारीख टाकली की त्या दिवसाचा साठा, रोकड, बँक, येणे आणि देणे समोर येते. मालाला बाजारभाव लावावा, बुडीत उधारीबद्दल आपल्या मुफ्तींना विचारावे आणि रक्कम बाजूला काढावी. गरिबाचा हिस्सा अंदाजाने नव्हे, हिशेबाने निघाला, तर या यंत्रावर केलेला खर्च बरकतीचा ठरेल, इन्शाअल्लाह.