वैद्यकीय शिक्षणातील प्राण्यांचा वापर
शरीरक्रियाशास्त्र व औषधशास्त्र या विषयांतील तत्त्वे विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी जिवंत प्राण्यांवर किंवा त्यांच्या जिवंत ऊतींवर केल्या जाणाऱ्या प्रात्यक्षिकांना वैद्यकीय शिक्षणातील प्राण्यांचा वापर असे म्हणतात. नागपूरसह संपूर्ण भारतात एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमातील या प्रात्यक्षिकांची जागा आता मुख्यतः संगणकीय प्रतिरूपांनी घेतली आहे.

स्वरूप
बेडूक हा या प्रात्यक्षिकांतील प्रमुख प्राणी होता. त्याचा मेंदू व मज्जारज्जू सुईने नष्ट केल्यावर संवेदना संपते. मात्र स्नायू व हृदय काही काळ कार्यरत राहतात. पोटरीच्या स्नायूला विद्युत उद्दीपन देऊन त्याचे आकुंचन कायमोग्राफच्या काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर नोंदवले जाई. कार्ल लुडविग यांनी हे उपकरण १८४७ मध्ये वापरात आणले. औषधशास्त्रात गिनीपिगचे आतडे, सशाचा डोळा आणि भूल दिलेल्या कुत्र्याचा रक्तदाब यांवर औषधांचे परिणाम दाखवले जात.

कायदेशीर तरतुदी
प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० नुसार प्राण्यांवरील प्रयोग बेकायदेशीर नाहीत. तथापि, पुस्तके, प्रतिकृती किंवा चित्रपट पुरेसे असतील तेथे वैद्यकीय महाविद्यालयांनी प्रयोग टाळावेत आणि केवळ हस्तकौशल्य मिळवण्यासाठी शक्यतो प्रयोग करू नयेत, असे कलम १७ सुचवते. १९९८ च्या नियमांनी प्रयोग करणाऱ्या संस्थांची नोंदणी बंधनकारक केली. भारतीय वैद्यक परिषदेने २०१४ मध्ये या दोन्ही विषयांत पर्यायी साधनांचा पुरस्कार केला. २०१९ पासूनच्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात बेडकाच्या स्नायू व हृदयावरील प्रयोग संगणकाच्या साहाय्याने पाहणे अपेक्षित आहे. पुदुच्चेरीच्या जिपमेर संस्थेत विकसित झालेली 'एक्सफार्म' ही आज्ञावली औषधशास्त्रासाठी वापरली जाते.

नागपूर
शहरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ('मेडिकल', स्थापना १९४७) आणि इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ('मेयो') नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असून त्यांना राष्ट्रीय अभ्यासक्रम लागू आहे. पशुवैद्यकीय शिक्षणाची स्थिती वेगळी आहे. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नागपुरात असून नागपूर पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ पासून कार्यरत आहे. तेथील विद्यार्थ्यांसाठी प्राणी हाच रुग्ण असल्याने जिवंत प्राण्यांची हाताळणी शिक्षणातून वगळता येत नाही.

मतभेद
जिवंत ऊती थकते, कधी प्रतिसाद देत नाही आणि दोन प्राण्यांचे आलेख सारखे येत नाहीत. ही अनिश्चितता प्रतिरूपातून समजत नाही, असे जुन्या पद्धतीचे समर्थक म्हणतात. निष्कर्ष आधीच ज्ञात असताना प्रत्येक तुकडीसाठी नव्याने प्राणी मारणे असमर्थनीय आहे, असे विरोधकांचे म्हणणे आहे. भावी डॉक्टरांचा संबंध मानवी रुग्णांशी येणार असल्याने रक्तदाब, नाडी व हृदयालेख यांची प्रात्यक्षिके सहाध्यायींवरच करणे अधिक उपयुक्त, असेही ते मांडतात. संशोधनासाठी प्राण्यांचा वापर मात्र संस्थात्मक नीतिमत्ता समितीच्या परवानगीने चालू आहे.